इंग्रजीचे पूर्ण काळ आणि आपली मराठी

परकी भाषा शिकतांना मनुष्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. कांहीं चुका अज्ञानाच्या असतात. शब्द ठाऊक नसतो, रूप पाठ नसतें, म्हणून त्या घडतात. दुसऱ्या चुका ज्ञानाच्या असतात. म्हणजे स्वतःची भाषा चांगली येते म्हणूनच त्या घडतात. पहिल्या चुका पाठांतरानें जातात. दुसऱ्या पाठांतरानें सहसा जात नाहींत, कारण त्या करणाऱ्यास आपण चुकत आहों अशी शंकाही येत नाहीं. इंग्रजींत ज्यांस ‘पर्फेक्ट टेन्स’ म्हणतात, त्या काळांविषयीं मराठी विद्यार्थ्यांच्या हातून ज्या चुका होतात, त्यांतील बहुतेक या दुसऱ्या जातीच्या आहेत असें आमचें मत आहे. तसें असेल तर विद्यार्थ्याकडून कोष्टकें अधिक घोकवून घेतल्यानें कांहीं साधणार नाहीं. त्यास प्रथम त्याची स्वतःची मराठी नीट दाखवून दिली पाहिजे, आणि मग इंग्रजी तिच्याशेजारीं मांडली पाहिजे. एवढीच गोष्ट या लेखांत सांगावयाची आहे.

गिरगांव, दादर, परळ, लालबाग या भागांतील शाळांच्या निबंधवह्यांत सामान्यतः आढळणारीं तीन वाक्यें उदाहरणादाखल घेऊं. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’. ‘आय हॅड गॉन टु दादर ऑन संडे’. ‘आय ॲम लिव्हिंग इन परळ सिन्स टेन इयर्स’. तिन्ही वाक्यांवर शिक्षकांची तांबडी रेघ पडते, आणि ती पडावयासच पाहिजे. परंतु या वाक्यांच्या मागें विद्यार्थ्याच्या मनांत जें मराठी वाक्य होतें तें कोणी पाहत नाहीं. ‘मीं त्याला काल पाहिलें आहे’. ‘मी रविवारीं दादरला गेलों होतों’. ‘मी परळला दहा वर्षांपासून राहत आहे’. या तिन्हींत मराठीच्या दृष्टीनें कोठें बोट ठेवावयास जागा आहे काय? मुळींच नाहीं. विद्यार्थ्यानें निर्दोष मराठी वाक्य घेतलें, ‘आहे’च्या ठिकाणीं ‘हॅव’ बसविलें, ‘होतों’च्या ठिकाणीं ‘हॅड’ बसविलें, ‘पासून’च्या ठिकाणीं ‘सिन्स’ बसविलें, आणि शिकविलेल्या कोष्टकाशीं पूर्ण इमान राखलें. चूक त्याच्या आळसाची नाहीं. ‘आहे म्हणजे हॅव, होतें म्हणजे हॅड’ या समीकरणाची आहे.

हें समीकरण कोठें मोडतें तें आतां क्रमानें पाहूं.

पहिलें ‘आहे’ घेऊं. ‘हें पुस्तक मीं गेल्या वर्षीं वाचलें आहे’ असें आपण सहज म्हणतों. येथें ‘आहे’ हें पद त्या वाचनाची नोंद आजही माझ्या पदरीं जमा आहे एवढें सांगतें. तें वाचन कधीं घडलें हें सोबत सांगावयास मराठीची हरकत नाहीं. इंग्रजीची मात्र हरकत आहे. ‘हॅव’ लावून बोलणारा इंग्रज एका अशा कालखंडाविषयीं बोलत असतो, कीं ज्याचें दुसरें टोक आजच्या क्षणाला येऊन भिडलेलें आहे. ‘गेलें वर्ष’, ‘काल’, ‘रविवारीं’ हे कालखंड कधींच संपून गेले. त्यांचें दार लागलें. म्हणून ‘यस्टरडे’ हा शब्द वाक्यांत आला कीं ‘हॅव’ला बाहेर जावें लागतें, आणि ‘आय सॉ हिम यस्टरडे’ असें साधें भूतकाळी वाक्य होतें. उलट ‘टुडे’, ‘धिस वीक’, ‘धिस इयर’ हे शब्द आले तर ‘हॅव’ राहूं शकतें, कारण तो दिवस, तो आठवडा, तें वर्ष अद्याप चालूं आहे.

याच्या उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जेथें इंग्रज ‘हॅव’ वापरतो तेथें आपण पुष्कळदां ‘आहे’ म्हणतच नाहीं. ‘जेवलास कां?’ ‘जेवलों.’ ‘अभ्यास झाला कां?’ ‘झाला.’ हीं वाक्यें रूपानें साध्या भूतकाळाचीं. पण विचारणाऱ्याचा रोख भूतकाळाकडे नसून आतां तुझें पोट भरलेलें आहे कीं नाहीं याकडे आहे. हेंच इंग्रज ‘हॅव यू ईटन?’ असें विचारील. आपल्या ‘-ला’, ‘-ली’, ‘-लें’ या रूपांचा पल्ला किती लांब आहे हें दादर स्टेशनावर पांच मिनिटें उभें राहिल्यानें कळतें. गाडी दूर वळणावर दिसूं लागतांच लोक म्हणतात, ‘गाडी आली!’ वास्तविक ती अजून यावयाची आहे. डबे समोरून निघून गेले कीं म्हणतात, ‘गाडी गेली.’ घरांतून हांक आली असतां जागचा न हललेला मुलगा उत्तर देतो, ‘आलोंच!’ एकाच रूपानें आपण नुकतेंच घडलेलें, पूर्वीं घडलेलें आणि आतां घडूं घातलेलें असें सर्व सांगतों, आणि ऐकणाऱ्याचा घोंटाळा होत नाहीं. इंग्रजींत या प्रत्येकास निराळी वाट आहे. समोरून गेलेल्या गाडीस ‘द ट्रेन हॅज लेफ्ट’; आठ वाजून दहा मिनिटांनीं गेली असें सांगावयाचें तर ‘द ट्रेन लेफ्ट ॲट एट टेन’; आणि दिसूं लागलेल्या गाडीस या दोहोंपैकीं कोणतेंच नाहीं.

आतां ‘होतों’ घेऊं. ‘मी रविवारीं दादरला गेलों होतों’ या वाक्यांत मराठी श्रोत्यास एक गोष्ट न सांगतां कळते, ती ही कीं बोलणारा जाऊन परत आला आणि तो प्रसंग संपला. मराठींत ‘गेलों होतों’ हें रूप एकटें उभें राहूं शकतें. इंग्रजीचें ‘हॅड गॉन’ एकटें उभें राहत नाहीं. तें कानीं पडतांच इंग्रज श्रोता दुसऱ्या एका गोष्टीची वाट पाहूं लागतो: दादरला गेला होता, बरें, मग काय झालें? कशाच्या आधीं गेला होता? ‘हॅड’ हें रूप भूतकाळांतील एका प्रसंगावर उभें राहून त्याच्याही मागें पाहतें. तो पुढचा प्रसंग वाक्यांत किंवा मागील वाक्यांत सांगितलेला नसेल, तर श्रोता ताटकळत राहतो. परंतु जेथें दोन प्रसंग असतात, तेथें दोन्ही भाषा एक होतात. ‘मी पोहोंचलों तेव्हां दार उघडलें होतें’ आणि ‘मी पोहोंचलों तेव्हां दार उघडलें’ या दोन वाक्यांतील भेद मराठी मुलास सांगावा लागत नाहीं. पहिल्यांत दार आधींच उघडें होतें. दुसऱ्यांत तो पोहोंचल्यावर तें उघडलें. हाच भेद ‘हॅड बीन ओपन्ड’ आणि ‘वॉज ओपन्ड’ यांत आहे. शिक्षकांनीं ‘हॅड’ शिकवावयास येथूनच आरंभ करावा. कारण येथें विद्यार्थ्याची मराठी त्याची वाटाडी होते.

तिसरें ‘पासून’. गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. लालबागचा राजा १९३४ पासून बसतो. हीं दोन्ही वाक्यें वर्तमानकाळीं आहेत, आणि तीं योग्यच आहेत. जी गोष्ट अजून चालूं आहे ती वर्तमानकाळांत सांगण्यांत गैर काय? पण इंग्रज येथें आरंभापासून आजपर्यंतचा सगळा पट्टा डोळ्यांसमोर आणतो आणि ‘हॅज बीन हेल्ड सिन्स एटीन नाइंटी-थ्री’ असें म्हणतो. आणखी एक अडचण आहे. आपलें ‘पासून’ आरंभाच्या बिंदूसही लागतें आणि मुदतीसही लागतें: ‘१८९३ पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’. इंग्रजीनें यांची वांटणी केली आहे. बिंदूस ‘सिन्स’ आणि मुदतीस ‘फॉर’. येथेंही मराठीच मदतीस येते. जेथें ‘दहा वर्षें झालीं’ असें म्हणतां येतें तेथें मुदत आहे, तेथें ‘फॉर’ घालावें. जेथें ‘१८९३ झालीं’ असें म्हणतां येत नाहीं तेथें बिंदू आहे, तेथें ‘सिन्स’ घालावें. ही कसोटी मराठी मुलास एकदां दाखविली कीं तो ती विसरत नाहीं.

या चुका केवळ आपल्याच नाहींत. फ्रेंच मनुष्यही ‘मी येथें दहा वर्षांपासून राहतों’ असेंच वर्तमानकाळीं म्हणतो. जर्मन मनुष्यही तसेंच म्हणतो, आणि शिवाय ‘मीं त्याला काल पाहिलें आहे’ या धर्तीचें वाक्य त्याच्या भाषेंत नित्याचें आहे. म्हणून इंग्रजी शिकतांना तेही नेमके येथेंच अडखळतात. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकवाक्यता नाहीं. जेथें इंग्लंडांतील मनुष्य ‘हॅव यू ईटन यट?’ असें विचारील तेथें अमेरिकेंतील मनुष्य ‘डिड यू ईट यट?’ असें पुष्कळदां विचारतो. तेव्हां लालबागच्या मुलाच्या वहींत असें वाक्य आढळलें म्हणून त्याची बुद्धि मंद ठरविणें हें अज्ञान होय.

मग हा ‘हॅव’ इतका हट्टी कां? त्याचें मूळ पाहिलें तर उलगडा होतो. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणें. ‘आय हॅव रिटन अ लेटर’ या रचनेचा मूळ अर्थ ‘लिहिलेलें पत्र माझ्यापाशीं आहे’ असा होता. म्हणजे क्रिया मागें घडली, पण तिचें फळ आतां हातांत आहे. हातांतील वस्तु कालची असूं शकते, पण हातांत असणें आजचेंच असतें. जाण्यायेण्याच्या क्रियापदांस जुन्या इंग्रजींत ‘हॅव’ लागत नसे, ‘इज’ लागे. १६११ च्या इंग्रजी बायबलांत अशीं रूपें जागोजाग आहेत. तीं वाचतांना मराठी विद्यार्थ्यास परकीं वाटणार नाहींत, कारण ‘तो आला आहे’ ही आपली रचना तीच आहे. मराठींत ‘हॅव’च्या तोडीचें क्रियापदच नाहीं. आपण ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ असें म्हणतों. आणि ‘मीं पत्र लिहिलें आहे’ या वाक्यांत क्रियापद कर्त्याकडे न पाहतां पत्राकडे पाहून चालतें. आपल्या वाक्यांत पत्र आहे. इंग्रजाच्या वाक्यांत पत्र त्याच्याजवळ आहे. दोन भाषांनीं एकच गोष्ट दोन बाजूंनीं पाहिली, यांत उच्चनीच कांहीं नाहीं.

‘पूर्ण काळ’ हें नांवही विद्यार्थ्याची दिशाभूल करतें. ‘पर्फेक्ट’ हा शब्द लॅटिनांतून आला; त्याचा अर्थ पुरें झालेलें. त्यावरून मुलांस सांगण्यांत येतें कीं क्रिया पूर्ण झाली असेल तर पर्फेक्ट वापरावा. पण ‘आय वेंट’ यांतील जाणें पूर्ण झालेंच आहे, तरी तो पर्फेक्ट नाहीं. आणि ‘आय हॅव लिव्ह्ड इन परळ फॉर टेन इयर्स’ यांतील राहणें मुळींच संपलेलें नाहीं, तरी तो पर्फेक्ट आहे. खरा प्रश्न क्रिया पुरी झाली कीं नाहीं हा नसून बोलणारा कोठें उभा राहून पाहत आहे हा आहे. तो आजवर उभा राहून मागें पाहील तर ‘हॅव’. कालच्या एका प्रसंगावर उभा राहून त्याच्याही मागें पाहील तर ‘हॅड’. उद्यांच्या एका प्रसंगावर उभा राहून मागें पाहील तर ‘विल हॅव’. ‘आपण दादरला पोहोंचेपर्यंत गाडी गेलेली असेल’ या वाक्यांत बोलणारा मनानें उद्यांच्या दादर स्टेशनावर जाऊन उभा राहिला आहे. (‘गाडी गेली असेल’ म्हटलें तर पुष्कळदां तो नुसता तर्क होतो, ‘गेलेली असेल’ या रूपानें स्थिति स्पष्ट होते. ‘-लेला’, ‘-लेली’, ‘-लेलें’ या रूपांकडे इंग्रजी शिकविणाऱ्यांनीं अधिक लक्ष द्यावें असें आम्हांस वाटतें.) या तीन जागा दाखविल्या कीं तीन कोष्टकांचें ओझें एका विचारावर येतें.

हा विचार आपल्या परंपरेस नवा आहे असेंही कोणी समजूं नये. पाणिनीच्या संस्कृत व्याकरणांत भूतकाळाचे तीन प्रकार आहेत. आजचा नव्हे अशा भूतकाळास लङ्. बोलणाऱ्यानें स्वतः पाहिलेला नाहीं अशा भूतकाळास लिट्. आणि सामान्य भूतकाळास लुङ्, ज्यांत आजचें घडलेलेंही येतें. म्हणजे ‘आजचें’ आणि ‘आजचें नव्हे’ हा भेद, ज्यावर इंग्रजांच्या ‘हॅव’चा पुष्कळसा डोलारा उभा आहे, तो आपल्याकडील व्याकरणकारांनीं दोन सहस्रांहून अधिक वर्षांपूर्वीं नांव देऊन मांडला होता. पुढें हा भेद व्यवहारांत पुसट होत गेला, धातूंच्या या रूपांची जागा कृदंतांनीं घेतली, आणि त्याच कृदंतांतून आपलीं ‘गेला’, ‘केलें’ हीं रूपें आलीं. जी दृष्टि आपल्या पूर्वजांस होती ती आपल्या मुलांस परकी म्हणून कां शिकवावी?

आतां कोणी म्हणेल, कीं इतका काथ्याकूट कशाला? ‘आय हॅड गॉन’ म्हटलें काय आणि ‘आय वेंट’ म्हटलें काय, अर्थ तर कळतो. बाजारांत कळतो, हें खरें. परंतु जेथें दुसऱ्याचें मत आपल्या लिहिण्यावर अवलंबून असतें तेथें तो तितका कळत नाहीं. एक उदाहरण देतों, आणि तें याच भागांतलें आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंतील कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले, आणि पुढें कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहींत. परळ–लालबागच्या घरांत आजही नातू अभिमानानें सांगतो, ‘माझ्या आजोबांनीं गिरणींत वीस वर्षें काम केलें आहे.’ मराठींत हें वाक्य सुंदर आहे. त्या कष्टांचें श्रेय आजही आजोबांच्या नांवावर आहे असें तें सांगतें. तेंच त्यानें इंग्रजींत ‘माय ग्रँडफादर हॅज वर्क्ड इन अ मिल फॉर ट्वेंटी इयर्स’ असें लिहिलें, तर वाचणाऱ्या परक्यास आजोबा अजून रोज सकाळीं पाळीवर जातात असें वाटेल. ‘वर्क्ड’ एवढेंच लिहिलें तर त्यास कळेल कीं ती गोष्ट संपली. त्या गिरणीचें दार उघडें आहे कीं बंद, हें इंग्रजींत एका लहानशा ‘हॅज’वर ठरतें.

नोकरीच्या अर्जाचेंही असेंच आहे. ‘आय हॅव वर्क्ड इन धिस शॉप फॉर थ्री इयर्स’ म्हणजे अजून तेथेंच आहें. ‘आय वर्क्ड’ म्हणजे तेथून निघालों. ‘आय हॅड पास्ड द एक्झॅमिनेशन’ असें लिहिणाऱ्या तरुणास वाचणारा मनांतल्या मनांत विचारतो, ‘कशाच्या आधीं?’ आणि उत्तर न मिळाल्यामुळें अर्जच बाजूला ठेवण्याचा संभव असतो. साक्षींत तर प्रसंगांच्या क्रमावर सर्व भार असतो. म्हणजे ज्या मुलांच्या घरीं इंग्रजी बोलत नाहींत, ज्यांस ती शाळेंतच मिळावयाची, त्यांचेंच या बाबतींत अधिक नुकसान होतें. घरीं इंग्रजी ऐकणारें मूल ‘हॅव’ कानानें शिकतें. चाळींतील मुलास तें डोळ्यांनीं आणि बुद्धीनें शिकावें लागतें. त्यास नुसतें ‘चूक’ म्हणून परत पाठविणें हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप शिक्षणपद्धतीचा. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दही काढूं नये, म्हणजे मुलें इंग्रजींत विचार करूं लागतील, असें कित्येकांचें म्हणणें आहे. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. भाषा कानांवर पुष्कळ पडली पाहिजे, पुष्कळ वाचली पाहिजे. नियमांच्या पाठांतरानें आजवर कोणासही भाषा आली नाहीं. परंतु तासाला मराठी बंद केली म्हणून ती डोक्यांतून जात नाहीं. ती पडद्याआड राहून वाक्य रचीत बसते, आणि तेथें तिच्यावर कोणाची देखरेख नसते. तिला उघडपणें पुढें बोलावून, ‘तूं असें म्हणतेस, इंग्रजी असें म्हणते’ एवढें स्पष्ट केलें, तर तीच मदत करते.

या शहराचा इतिहासही हेंच सांगतो. डॉ. जॉन विल्सन हे १८२९ सालीं मुंबईस आले ते प्रथम मराठी शिकले. गिरगांवांतील आंब्रोळी येथें त्यांनीं इंग्रजी शाळा काढली ती त्यानंतर, १८३२ सालीं. त्याच वर्षीं बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें. त्यांत एका स्तंभांत इंग्रजी व शेजारच्या स्तंभांत मराठी असे. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ चा. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ चें. पुढें तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांस इंग्रजी शिकविली, तीही इकडचें वाक्य तिकडे आणि तिकडचें इकडे करूनच. १९११ सालीं मोरो केशव दामले यांचें शास्त्रीय मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें, आणि मराठीच्या काळांचा कसून विचार करण्याचें साधन मराठी वाचकांच्या हातीं आलें. या शहरांत इंग्रजीची पहिली ओळख दोन भाषा शेजारीं शेजारीं ठेवून झाली. (डॉ. विल्सन १८७५ सालीं निवर्तले. ‘विल्सन यांनीं ही शाळा स्थापिली आहे’ असें आपण मराठींत आजही म्हणूं. इंग्रजींत मात्र ‘फाउंडेड’ असेंच म्हटलें पाहिजे, ‘हॅज फाउंडेड’ नव्हे. हाही आपल्या विषयाचाच एक धडा होय.)

म्हणून आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. २००० सालापासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवूं लागले. तेव्हां वेळ कमी पडतो ही सबब उरली नाहीं. वरच्या वर्गांत हे काळ शिकवितांना प्रथम मुलांकडून मराठी वाक्यें घ्यावीं, आणि त्यांतील ‘आहे’, ‘होतें’, ‘-लेलें’ काय काम करतात हें त्यांच्याच तोंडून काढावें. मग प्रत्येक वाक्यास दोन प्रश्न विचारावे: ‘कधीं?’ आणि ‘कोठें उभें राहून?’ ‘कधीं’चें उत्तर वाक्यांत आलें असेल, आणि तो काळ संपलेला असेल, तर ‘हॅव’ नाहीं. उभें राहण्याची जागा भूतकाळांत नसेल तर ‘हॅड’ नाहीं. परीक्षेंतही सुटें वाक्य देऊन गाळलेली जागा भरावयास सांगण्याऐवजीं लहानसा उतारा द्यावा. कारण सुट्या वाक्यांत बोलणारा कोठें उभा आहे हें पुष्कळदां देवासही कळणार नाहीं, मग मुलास कोठून कळावें? आणि वही तपासतांना जें वाक्य मराठीच्या इमानानें चुकलें असेल, त्याच्यापुढें नुसती फुली न मारतां मूळ मराठी वाक्य लिहावें. त्यास थोडी शाई अधिक लागेल. पण मुलास आपण कोठें आणि कां चुकलों हें कळेल.

विद्यार्थिमित्रहो, शेवटीं तुम्हांस एवढेंच सांगणें आहे. इंग्रजी वाक्य लिहितांना अडलांत तर लाजूं नका, आणि आपल्या मराठीस दोषही देऊं नका. प्रथम मराठींत स्वच्छ वाक्य म्हणा. मग स्वतःस विचारा, मी कोठें उभा आहें आणि कोणीकडे पाहत आहें. उत्तर मिळालें कीं रूप आपोआप सांपडूं लागेल. ज्यास आपल्या भाषेंतील ‘गेलों’, ‘गेलों आहें’, ‘गेलों होतों’ आणि ‘गेलेला असेन’ यांतील भेद उमजला, त्यास कोणत्याही भाषेच्या काळांची भीति बाळगण्याचें कारण नाहीं.